दोघांची साक्ष : साष्टीच्या एका पक्षियादीचा इतिहास

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. सनदा, महजर, तहनामे, ताळेबंद आणि मुत्सद्द्यांचीं पत्रें यांच्या आधारें गतकाळाची उभारणी करावयाची, हा धडा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडशः प्रसिद्ध करून महाराष्ट्राला घालून दिला. बखर कितीहि रसाळ असली तरी ती बहुधा मागाहून, आठवणीवर भिस्त ठेवून लिहिलेली असते. उलट चार ओळींची एखादी ओबडधोबड चिठी तिच्यावरील तिथीमुळें व लिहिणाराच्या नांवामुळें त्या बखरीहून वजनदार ठरते, हें आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. प्रस्तुत लेखांत अशाच एका अस्सल कागदाचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे. मात्र तो कोणत्याहि रुमालांत सांपडावयाचा नाहीं, आणि त्यांत राजा, सरदार अथवा लढाई यांपैकीं कशाचाहि उल्लेख नाहीं. तो कागद म्हणजे मुंबई व साष्टी या दोन बेटांवरील पक्ष्यांची यादी होय. दोन मित्रांनीं पायपीट करून ती सिद्ध केली, आणि तिच्यामुळें एका नाहींशा झालेल्या भूमीची साक्ष शिल्लक राहिली.

त्या भूमीचा एक तुकडा आपण प्रथम पाहूं. साष्टी हें नांव सहासष्ट गांवांवरून पडलें, असें मानतात. त्या बेटाच्या दक्षिण टोंकाला, मुंबई बेटाच्या शिवेशीं लागून कुर्ला हें गांव वसलें. कुर्ली म्हणजे खेंकड्याची एक जात. तिच्यावरून गांवाला हें नांव मिळालें असें म्हणतात, आणि जागेची ठेवण ध्यानांत घेतां तें असंभवनीय वाटत नाहीं. गांवाच्या पश्चिमेच्या अंगानें मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते. पूर्वेकडे चेंबूर, माहूल व तुर्भें यांच्या बाजूनें ठाण्याच्या खाडीची भरती आंत शिरे. या दोन पाण्यांच्या मधोमध खाजणें, तिवराचीं बनें, भातखाचरें व मिठागरें पसरलेलीं असत. चिखल, खारें पाणी आणि त्यांत वावरणारे असंख्य जीव, हेंच या गांवाचें मूळचें धन.

राजकीय कागदांत कुर्ल्याचें दर्शन होतें तें अगदीं निराळ्या रूपानें. १७३७ मध्यें चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें बेट त्यांच्याकडे कायम राहिलें. १८०५ सालीं शीवचा बांध पुरा झाला व मुंबईहून साष्टींत कोरड्या पायांनीं जातां येऊं लागलें. १८०८ मध्यें कुर्ला व शेजारचीं सहा गांवें सरकारनें होरमसजी बमनजी वाडिया यांस दिलीं आणि त्यांच्या मोबदल्यांत मुंबईच्या अपोलो बंदरानजीकचा जमिनीचा एक तुकडा घेतला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी याच भूमीवरून गेली. १८६० च्या सुमारास मिठीच्या उगमाशीं विहार तलाव बांधून तिचें पाणी मुंबईच्या नळांत वळविण्यांत आलें. १८८६ मध्यें जमशेटजी टाटा यांनीं येथील धरमसी गिरणी विकत घेऊन तिचें नांव स्वदेशी ठेविलें. अशा प्रत्येक कागदांत कुर्ल्याची जमीन येते ती सारा, किंमत, लांबी व रुंदी यांच्या भाषेंत. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या त्या चिखलावर मार्गशीर्षांत कोण उतरत होतें, हें सांगण्याचें कारण यांपैकीं एकाहि कारकुनाला पडलें नाहीं. आणि त्याला त्याबद्दल दोष देतां येत नाहीं.

मग तें लिहिलें कोणीं? आपल्या प्रांतांतील पक्ष्यांची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या हातून. १८१७ च्या खडकीच्या लढाईंत इंग्रजांच्या बाजूनें लढलेले विल्यम सायक्स यांनीं पुढें दख्खनची गणना व पाहणी करतां करतां तेथील पक्ष्यांची यादी तयार केली. ती १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेनें प्रसिद्ध केली. ज्या माणसानें पेशवाईचा अंत जवळून पाहिला, त्यानेंच त्या मुलखांतील चंडोल व रातवे मोजून ठेवावे, हा योग विलक्षण खरा. त्यानंतर १८६२ ते १८६४ या काळांत जर्डन यांचा हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील ग्रंथ निघाला. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं म्हणून आपणांस परिचित असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे या शास्त्राचेहि मोठे आधारस्तंभ होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. त्यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत १८८० सालीं विडाल यांनीं दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची पहिली यादी दिली.

मुंबईंत या हौसेला संस्थेचें रूप आलें तें १५ सप्टेंबर १८८३ रोजीं. त्या दिवशीं भायखळ्याच्या संग्रहालयांत आठ गृहस्थ जमले व त्यांनीं मुंबईची निसर्गेतिहास संस्था स्थापन केली. त्या आठांत दोघे महाराष्ट्रीय होते : प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे वैद्य तसेच वनस्पतींचे अभ्यासक; डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणूनहि त्यांचें नांव इतिहासांत आहे. तिसरे एक संस्थापक एडवर्ड एटकेन हे जन्मानें सातारचे. त्यांनीं १९०० सालीं मुंबईच्या नित्य दिसणाऱ्या पक्ष्यांवर एक खेळकर पुस्तक लिहिलें. घार, कावळा व चिमणी यांच्याकडे शेजारी म्हणून पाहण्याची दृष्टि इंग्रजी वाचणाऱ्या मुंबईकराला त्या पुस्तकानें दिली.

येथें एका प्रश्नाचा विचार करणें अवश्य आहे. एखाद्यानें अमुक पक्षी अमुक ठिकाणीं पाहिला असें लिहिलें, तर तें खरें कशावरून मानावयाचें? एकोणिसाव्या शतकाचें उत्तर सरळ होतें : पक्षी मारून आणावा. त्याचें कातडें सोलून, कापूस भरून, पायाला चिठी बांधावी आणि चिठीवर स्थळ, तारीख व मारणाराचें नांव लिहावें. ज्याला शंका येईल त्यानें पेटी उघडून पाहावें. ही बंदुकीची साक्ष क्रूर खरी, परंतु ती खोटी नव्हती. ह्यूम यांनीं आपला सहस्रावधि कातड्यांचा संग्रह १८८५ मध्यें लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयास दिला. मुंबईच्या संस्थेनेंहि आपला संग्रह पिढ्यान् पिढ्या वाढविला. आजहि एखाद्या जातीचा जुना प्रदेश ठरवावयाचा झाला तर अभ्यासकाला त्या पिवळ्या पडलेल्या चिठ्यांकडेच वळावें लागतें.

तथापि या साक्षीला मर्यादा होती. मेलेला पक्षी आपला रंग व माप सांगतो; तो चिखलांत कसा चालत होता, कोणत्या स्वरांत ओरडला, किती जणांच्या थव्यांत होता, हें सांगत नाहीं. शिवाय दर हिवाळ्यास तेच पक्षी मारून तीच गोष्ट सिद्ध करीत बसणें हें कोणत्याहि विचारी मनुष्यास फार काळ मानवण्यासारखें नव्हतें. १८९४ पासून त्सैस कारखान्याच्या लोलकयुक्त दुर्बिणी बाजारांत आल्या, आणि दूरचा पक्षी जिवंत असतांना त्याचे पाय, चोंच व पंखांवरील पट्टे न्याहाळणें शक्य झालें. पण दुर्बिणींतून पाहिलेली गोष्ट पेटींत ठेवतां येत नाहीं. बंदूक खालीं ठेवली कीं पुरावाहि खालीं ठेवावा लागतो. त्याची जागा कोण भरून काढणार? तर सोबती. आपल्या जुन्या न्यायपद्धतींत महजर एकट्याच्या शब्दावर होत नसे. गोत जमवून त्यावर साक्षी घालाव्या लागत. पक्षिनिरीक्षणांतहि तीच रीत हळूहळू रूढ झाली. एकानें पाहिलें ती वार्ता, दोघांनीं स्वतंत्रपणें पाहिलें ती नोंद.

आतां आपण त्या दोघांकडे येऊं. पहिले सलीम अली. १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं त्यांचा मुंबईंत जन्म झाला. आईबाप लहानपणींच गेल्यामुळें ते मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरीं, खेतवाडींत वाढले. सुटीच्या दिवसांत हें मोठें कुटुंब कुर्ल्याला लागूनच असलेल्या चेंबूरला जाऊन राही. तेव्हां तें अगदीं रानवट खेडें होतें. मुलाच्या हातीं हवेची बंदूक होती. तिनें टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ती कोणती हें विचारावयास तो निसर्गेतिहास संस्थेचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्याकडे गेला. मिलर्ड यांनीं त्या भिडस्त मुलापुढें पेट्यांमागून पेट्या उघडल्या. म्हणजे बंदुकीच्या साक्षीनेंच हा मुलगा या शास्त्रांत ओढला गेला. पुढें १९२६ मध्यें ते प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें, म्हणजे आतांच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, व्याख्याते झाले. नंतर बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेझेमान यांच्याजवळ शिकले. १९३० सालीं परत येतात तों नोकरीची जागाच रद्द झालेली. अशा बेकारीच्या काळांत त्यांनीं अलिबागजवळ किहीम येथें राहून सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला. मेलेल्या पक्ष्याकडून जिवंत पक्ष्याकडे त्यांची दृष्टि वळली ती अशा रीतीनें.

दुसरे हुमायून अब्दुलअली. यांचा जन्म १९१४ सालचा, तोहि जपानांतील कोबे शहरीं; शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत, विषय प्राणिशास्त्र. या दोघांनीं मिळून लिहिलेली 'मुंबई व साष्टीचे पक्षी' ही इंग्रजी लेखमाला निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत १९३६ पासून क्रमशः येऊं लागली, आणि १९४१ मध्यें ती पुस्तकरूपानें निघाली. त्याच वर्षीं सलीम अली यांचें हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध सचित्र पुस्तकहि प्रसिद्ध झालें. त्या पुस्तकाची कीर्ति घरोघर गेली. दोघांची ही स्थानिक यादी मात्र अभ्यासकांच्या कपाटांत राहिली. लेखमाला सुरू झाली तेव्हां एकाचें वय चाळिशीला टेकलेलें व दुसऱ्याचें बावीस. अठरा वर्षांचें हें अंतर ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याचें कारण पुढें येईल.

अशी यादी घरीं बसून होत नाहीं. हिवाळ्यांतील शेंकडों सकाळी तिच्यामागें उभ्या असतात. त्या काळीं मुंबईकराला अशी फेरी सोपीहि झाली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली. १९२८ मध्यें तुर्भ्याहून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत साष्टी बेट आडवें ओलांडणारी आणखी एक गाडी निघाली, ती १९३४ त बंद पडली. पहांटेची गाडी धरून, भाकरीची पुरचुंडी व दुर्बीण घेऊन कोणाहि दोघांनीं कुर्ल्याला उतरावें, आणि ऊन चढावयाच्या आंत खाजणाच्या बांधावर पोंचावें, इतकें तें जवळ होतें. या मुलखांतील हिवाळी फेरीचें एकंदर स्वरूप काय, तें थोडक्यांत सांगतों. कारण त्याखेरीज दोघांच्या साक्षीचें मर्म कळावयाचें नाहीं.

पहिली गोष्ट म्हणजे भरती-ओहोटीचें गणित. किनाऱ्यावरील कोळ्याला त्यासाठीं छापील कोष्टक लागत नाहीं. तिथीला तीनांनीं गुणावें व चारांनीं भागावें. येईल त्या सुमारास भरती पुरी होते. म्हणजे चतुर्थीला तीन वाजतां भरती, आणि तिच्यापूर्वीं सहा तास, सकाळीं नऊला, ओहोटी. ओहोटीनें चिखल उघडा पडला कीं त्यावर पक्षी पांगतात व खाण्यांत दंग होतात. भरती चढूं लागली कीं तेच पक्षी मागें सरत सरत मिठागरांच्या बांधांवर दाटीनें येऊन बसतात. ज्याला पक्ष्यांचे व्यवहार पाहावयाचे त्यानें ओहोटी साधावी. ज्याला त्यांची मोजदाद करावयाची त्यानें भरती साधावी.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. पावसाळा पुरता सरण्यापूर्वींच पहिले तुतवार खाडीकांठीं हजर होतात व दगडावर उभे राहून शेपटाकडील अंग सारखें खालींवर हालवीत असतात. मग धोबी येतात, भोरड्यांचे थवे येतात. खाचरांच्या कडेला काटकीवर गप्पीदास बसूं लागतो, लव्हाळ्यांवरून दलदली भोवत्या पंख उचलून तरंगत जातो, आणि पायाखालून पाणलावा नागमोडी उडतो. लाल लांब पायांचा शेकाट्या मिठागरांत उभा असतो. यांतील कित्येक हिमालयापलीकडून, कित्येक सैबेरियाच्या बाजूनें आलेले. हे पाहुणे वाटेल तेथें उतरत नाहींत. सलीम अली यांनीं मुंबईच्या एका उपनगरांत पायांत कडें घालून सोडलेला एक करडा धोबी पुढील हिवाळ्यांत पुनःपुन्हां त्याच लहानशा हिरवळीवर परत आलेला आढळला. हजारों कोसांचा प्रवास करून येणाऱ्या त्या मूठभर जिवाचें आपलें असें एक ठिकाण होतें. तें नाहींसें झालें तर त्यानें कोठें जावें, हा प्रश्न तेथेंच उभा राहतो.

तिसरी गोष्ट ओळखण्याची, आणि येथेंच सोबत्याचें काम पडतें. हिरवा तुतवार व ठिपकेवाला तुतवार हे दोघे चिखलांत खालमानेनें चालतांना नवख्याला सारखेच दिसतात. उडाले कीं फरक पडतो : पहिल्याच्या पंखांची खालची बाजू काळपट, दुसऱ्याची फिकट, पहिल्याच्या कमरेचा पांढरा रंग लख्ख उठून दिसतो, दुसऱ्याचा तितका नाहीं, आवाजहि निराळे. पण हें सारें दोन-तीन क्षणांत आटोपतें. एकाची नजर पंखांवर असली तर दुसऱ्याचा कान आवाजाकडे हवा. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, एकानें नांव उच्चारलें कीं दुसऱ्याला तेंच दिसूं लागतें, हा मनाचा धर्म आहे. म्हणून चांगले सोबती पक्षी उडाल्याबरोबर बोलत नाहींत. आधीं आपापल्या वहींत दिसलें तें लिहितात आणि मग वह्या ताडून पाहतात. जुळलें तर नोंद पक्की. न जुळलें तर प्रश्नचिन्ह. वयाचें अंतर महत्त्वाचें तें येथें. आपल्या समाजांत वडिलांच्या शब्दापुढें धाकट्यानें मान तुकवावी ही चाल. परंतु जेथें धाकटा 'नाहीं, मला तसें दिसलें नाहीं' असें म्हणूं शकत नाहीं, तेथें साक्षी दोन असल्या तरी साक्ष एकच राहते. चाळिशीचा एक व विशीचा एक अशा दोघांचीं नांवें एकाच लेखाच्या माथ्यावर बरोबरीनें छापलीं गेलीं, यांत या नव्या विद्येचा शिष्टाचार दिसून येतो.

या यादीनें कुर्ल्याच्या इतिहासांत कोणती भर घातली? ती समजण्यासाठीं पुढील पन्नास वर्षें पाहिलीं पाहिजेत. १९५० सालीं कुर्ला मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. कारखाने, चाळी, झोंपड्या व रस्ते यांनीं खाचरें भरलीं. १९७७ मध्यें मिठी नदी व वाकोल्याचा नाला यांच्या कांठच्या पाणथळ जागेवर वांद्रें-कुर्ला संकुल उभारण्याचें काम मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें. तीनशें सत्तर हेक्टरांचा हा टापू भरणी घालून उंचावला गेला. जेथें पाणलावा उडत असे तेथें आतां पेढ्या व हिऱ्यांचा बाजार आहे. शहराला घरें हवीं, कामें हवीं. पोटासाठीं आलेल्या माणसानें कोठेंतरी पाऊल टेकावयाचें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पाण्याचा हिशेब पाण्यानें एके दिवशीं मागितला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी कुर्ल्याच्या वस्त्यांतून वाहिली आणि शहरांत शेंकडों माणसें दगावलीं. पूर पसरावयास पूर्वीं जी खाजणें होतीं तीं राहिलीं नव्हतीं. पक्ष्यांच्या यादींत ज्या जागा पाणथळ म्हणून नोंदल्या जातात, त्याच जागा पुराचें पाणी पोटांत घेतात. म्हणजे ती यादी वाचतां येत असती तर ती पुराचा नकाशाहि होती.

यावर कोणी म्हणेल कीं, पूर्वीं येथें पुष्कळ पक्षी येत हें सांगावयास यादी कशाला हवी? कुर्ल्याचा कोणताहि वृद्ध तें सांगेल. सांगेल खरा, परंतु ती बखर होय. आठवण 'पुष्कळ' म्हणते, यादी जातीचें नांव घेते. आठवणींत बालपण मिसळलेलें असतें, आणि प्रत्येक पिढी आपल्या बालपणींची स्थिति हीच मूळची स्थिति मानते. त्यामुळें ऱ्हास होत असतांहि तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. याचें ढळढळीत उदाहरण गिधाडांचें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून पुढील कांहीं वर्षांत हिंदुस्थानांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांत नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. इतक्या सामान्य पक्ष्याची मोजदाद करावी असें फारच थोड्यांना सुचलें होतें. निसर्गेतिहास संस्थेचे विभू प्रकाश यांनीं भरतपूर येथें आधीं केलेली नोंद हाताशीं होती, म्हणून ऱ्हास आंकड्यांनीं दाखवितां आला. २००४ मध्यें गुरांना देण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा दोष सिद्ध झाला, आणि २००६ मध्यें गुरांसाठीं त्याच्या वापरावर बंदी आली. आधींची नोंद नसती तर 'गिधाडें हल्लीं दिसत नाहींत' एवढीच हळहळ उरली असती, आणि हळहळीवर कोणतेंहि सरकार औषध बंद करीत नाहीं.

उलट दिशेचाहि दाखला आहे. १९९० नंतर शिवडीच्या व ठाण्याच्या खाडींत रोहित पक्षी मोठ्या संख्येनें जमूं लागले; २०१५ मध्यें ठाणें खाडीचा १,६९० हेक्टरांचा टापू त्यांच्यासाठीं अभयारण्य ठरला, आणि २०२२ मध्यें त्या खाडीला जागतिक महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळालें. हा पाहुणा नवा, हें आपण निश्चयानें म्हणतों तेंहि जुन्या नोंदींशीं ताडूनच. यादी केवळ शोक करावयास शिकवीत नाहीं. काय गेलें, काय राहिलें व काय आलें, हें ती सारख्याच कोरडेपणानें सांगते. तिचा हा कोरडेपणा हाच तिचा गुण होय.

त्या दोघांपैकीं हुमायून अब्दुलअली यांचें पुढील चरित्र या दृष्टीनें बोधप्रद आहे. ते स्वतः शिकारीचे षोकी होते. पण १९५१ च्या मुंबई राज्यांतील वन्य पशुपक्षी संरक्षणाच्या कायद्यामागें त्यांचा मोठा हात होता. पुढें १९६८ पासून त्यांनीं निसर्गेतिहास संस्थेच्या पेट्यांतील कातडीं एकेक हातांत घेऊन, मापें व चिठ्या तपासून, त्यांची सूची क्रमशः प्रसिद्ध केली. म्हणजे बंदुकीच्या साक्षीचेंहि दप्तर त्यांनींच लाविलें. सलीम अली १९८७ मध्यें वारले, हुमायून अब्दुलअली २००१ मध्यें. त्यांच्या यादींतील कांहीं नांवें बदललीं, कांहीं मतें मागें पडलीं. शास्त्राचा तो क्रमच आहे. नोंदी मात्र राहिल्या.

आपल्या मराठी घरांत रोजनिशी ठेवण्याची चाल जुनी आहे. जमाखर्च, पाहुणे, औषधें, यात्रा, सारें तींत असतें. अंगणांत भोरड्या कोणत्या तिथीला उतरल्या हें मात्र नसतें. त्यासाठीं विद्वत्ता लागत नाहीं. दर वर्षीं जानेवारींत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चालत आलेलें हें काम मुख्यत्वें हौशी माणसांच्या डोळ्यांवर चालतें. कुर्ल्याच्या पलीकडे, पूर्वीं जेथें शहराचा कचरा टाकीत त्या मिठीकांठच्या सदतीस एकरांवर १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुरू झालें. तेथील झाडींत व लगतच्या तिवरांत आजहि हिवाळी पाहुणे येतात. हिवाळ्यांतील एक रविवार, एक दुर्बीण, दोन वह्या आणि आपलें म्हणणें खोडून काढण्यास न भिणारा एक सोबती, एवढें साहित्य पुरेसें आहे. वहींत तारीख घालावी, जागेचें नांव घालावें, दिसलें तेवढेंच लिहावें आणि शंकेच्या जागीं शंका ठेवावी. राजवाड्यांनीं जीं दप्तरें गांवोगांव शोधलीं तीं लिहिणारांनीं इतिहासासाठीं लिहिलीं नव्हतीं. तीं त्या त्या दिवसाच्या कामापुरतीं लिहिलेलीं होतीं. उद्यांचा इतिहासकार कुर्ल्याच्या पाण्याचा व पंखांचा शोध घेऊं लागेल, तेव्हां त्याच्या हातीं बखर पडावी कीं चिठी, हें ठरविणें आपल्याकडे आहे.